गोळ्या ओतायचा पहिला साचा: लोखंडी आणि अॅल्युमिनियमचा

शिशाच्या गोळ्या घरी ओतणाऱ्या अमेरिकी नेमबाजांत एक सल्ला ठरलेला असतो: शिकायला अॅल्युमिनियमचा साचा घे, हात बसला की चांगला लोखंडी घे. इकडे अमेरिकेत रेंजवर जाऊ लागलेली आपली मराठी मंडळीही तोच पाठ करून येतात. मला त्याचा आता वैताग आला आहे, कारण त्यात धातू आणि दर्जा यांची सरळ गल्लत आहे. विस्कॉन्सिनच्या ली कंपनीचे स्वस्त साचे अॅल्युमिनियमचे, लायमन आणि आरसीबीएसचे महाग साचे लोखंडी, एवढ्यावरून अॅल्युमिनियम म्हणजे कच्चा माल असं लोकांनी ठरवून टाकलं. अॅक्युरेट मोल्ड्स अॅल्युमिनियम, पितळ आणि लोखंड अशा तिन्ही धातूंत साचे कापून देतात. त्यांचा अॅल्युमिनियमचा साचा हातात घेऊन बघा आणि मग त्याला शिकाऊ म्हणा.

दोन खान्यांचा, म्हणजे एका ओतात दोन गोळ्या देणारा, ली साचा बहुतेकांनी हाताळलेला असतो, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही. दोन ठोकळे, वर स्प्रू (ओतल्यावर माथ्यावर उरलेलं जास्तीचं शिसं) कापणारी स्प्रू प्लेट, लाकडी मुठी. लोखंडी साच्याची रचना हीच, फक्त मुठी बहुतेक वेळा वेगळ्या विकत घ्याव्या लागतात. लोखंडी जड असतो, तासाभरात मनगट बोलू लागतं. तो गंजतो, अॅल्युमिनियमचा तसा गंजत नाही. अॅल्युमिनियम मऊ असल्याने खान्याच्या कडेला पोचे पडायला वेळ लागत नाही. हे फरक दुकानदारही सांगेल.

लोक खरे अडकतात ते उष्णतेपाशी.

एक घनसेंटिमीटर लोखंड एक अंश सेल्सियसने तापवायला सुमारे ३.५ ज्यूल लागतात, तेवढ्याच अॅल्युमिनियमला सुमारे २.४. शिवाय अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूतून उष्णता ओतीव लोखंडाच्या साधारण तिप्पट सहजतेने वाहते. म्हणजे एकाच मापाचे दोन ठोकळे असतील तर लोखंडी ठोकळा जास्त उष्णता पोटात घेतो आणि ती सावकाश सोडतो. अॅल्युमिनियमचा चार-सहा ओतांत तापतो आणि तुम्ही गोळी उचलून उजेडात फिरवून बघेपर्यंत निवतोही.

आता नवशिक्याचं काय होतं ते पाहा. अॅल्युमिनियमची सवय असलेला माणूस लोखंडी साचा घेतो. पहिल्या गोळ्या सुरकुतलेल्या निघतात, कडा गोलसर, खोबणी अर्धवट भरलेल्या. तो शिसं वितळवायच्या भांड्याचं तापमान वाढवतो. आणखी काही ओत तसेच जातात, तो आणखी वाढवतो. तोवर लोखंड सावकाश चढत वर आलेलं असतं आणि भांड्यातलं शिसं आता गरजेपेक्षा कितीतरी गरम असतं. मग गोळ्या पांढुरक्या पडू लागतात, स्प्रू लवकर गोठत नाही, घाईने प्लेट फिरवली की ठोकळ्याच्या माथ्यावर शिसं फासलं जातं. माणूस साच्याला शिव्या घालतो. साचा बिचारा फक्त उशिरा तापला होता.

उलटा प्रकारही तितकाच होतो. लोखंडी साच्यावर रमतगमत ओतणारा अॅल्युमिनियमच्या साच्यावर त्याच चालीने ओततो आणि सुरकुत्या शेवटपर्यंत जात नाहीत. त्याला वाटतं, आत तेल राहिलं. तो तारेचा ब्रश काढतो आणि चांगल्या खान्याच्या धारदार कडा घासून गोलसर करून ठेवतो. हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की नवशिक्याच्या पेटीतून तारेचा ब्रश आधी बाहेर काढतो.

भांड्याच्या तापमानाशी खेळू नका. कथील आणि अँटिमनी असलेल्या नेहमीच्या मिश्रणाला ६५० ते ७५० अंश फॅरेनहाइट पुरे. एक आकडा धरून थांबा आणि बदलायचीच असेल तर ओतण्याची चाल बदला. साचा काय म्हणतो ते स्प्रूवर दिसतं. ओतल्याबरोबर लगेच गोठला तर साचा गार आहे, हात चालवा. चार-सहा सेकंदांत गोठला तर बरोबर. दहा सेकंद झाले तरी चकाकतोच आहे, तर साचा तापला आहे, थोडं थांबा. तापलेला लोखंडी साचा निवायलाही वेळ घेतो, तेव्हा तिथे जास्त थांबा. पाण्यात मात्र बुडवू नका. ठोकळा वाकू शकतो, आणि पाण्याचा थेंब वितळलेल्या शिशाखाली गेला तर त्याची वाफ होऊन भांडं तोंडावर उडतं.

तेलाच्या आणि थंडीच्या सुरकुत्या ओळखणं अवघड नाही. थंडीच्या सुरकुत्या चाल वाढवली की जातात. तेलाच्या सुरकुत्या स्प्रू व्यवस्थित सेकंद घेऊन गोठत असतानाही राहतात, आणि पुन्हा पुन्हा गोळीच्या त्याच जागी येतात. असं दिसलं तरच साचा धुवायला घ्या.

या सगळ्यातून निवडीचा निकष आपोआप निघतो: दर ओताला साच्यात किती शिसं पडतं? १५८ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) दोन गोळ्या म्हणजे जेमतेम २० ग्रॅम आणि वर स्प्रू. ४०५ ग्रेनच्या दोन म्हणजे ५० ग्रॅमच्या वर. .२२ इंची व्यासाच्या चिमुकल्या गोळ्यांसाठी दोन खान्यांचा लोखंडी ठोकळा घेतला तर तो गरम ठेवता ठेवता जीव जातो. तिथे अॅल्युमिनियम घ्या. मोठ्या, जड गोळ्यांना लोखंडी घ्या, तो ती उष्णता झेलतो. मधल्या मापांत दोन्ही चालतात, आणि तिथे मी लोखंडीच घेईन. बोलत, थांबत ओतणाऱ्याला तो सांभाळून घेतो. पहिलाच साचा सहा खान्यांचा घेऊ नका. एक खाना बिघडला की कोणता, हे शोधण्यातच संध्याकाळ जाते.

धातू ठरवण्याआधी मात्र गोळीचा व्यास ठरवा. तो चुकला तर दोन्ही साचे सारखेच निरुपयोगी. .३८ स्पेशलच्या नावात .३८ असलं तरी गोळी .३५७ ते .३५८ इंचाची असते, तेव्हा नावावर जाऊ नका. रिकामं केलेलं, दोनदा तपासलेलं हत्यार घ्या, नळीतून मऊ शिशाचा तुकडा ठोकून पार करा आणि त्यावर उमटलेला, नळीतल्या पीळदार खाचांच्या तळाचा व्यास मायक्रोमीटरने मोजा. ओतलेली गोळी त्याहून .००१ ते .००२ इंच मोठी हवी. रिव्हॉल्व्हर असेल तर सिलिंडरच्या तोंडांचं मापही घ्या. साच्यावरचा आकडा ठरावीक मिश्रणासाठी असतो, निव्वळ शिशाची गोळी त्याच साच्यातून किंचित बारीक पडते.

आता तयारी. इथे आपल्या लोकांचा घोळ खास आपला आहे, कारण घरी बिडाचा तवा मुरवलेला असतो. तव्यावर तेल जाळून थर चढवतात, मग लोखंडी साचाही तसाच मुरवायचा असं वाटतं. साच्यात नेमकं उलट. खान्यात तेलाचा अंशही नको. नवीन साच्यावर कारखान्याचं तेल असतं. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन ते काढा, पूर्ण वाळवा, मग शेगडीवर तापवा आणि निवू द्या, असं दोन-तीनदा करा. लोखंडावर पातळ काळसर ऑक्साइड चढतं. साचा मुरला म्हणजे एवढंच.

काडीच्या धुराने खाने काळे करण्याची पद्धत ली कंपनी स्वतः सांगते. मला ती पटत नाही. ठोकळ्यांच्या तोंडावर ज्या बारीक रेघा असतात त्यांतून हवा बाहेर जाते. काजळीने त्या बुजल्या की गोळीचे कोपरे भरत नाहीत. गोळी चिकटत असेल तर मुठींच्या बिजागरीच्या बोल्टवर लाकडी ठोका द्या, ठोकळ्यावर कधीच नाही. तेल हवं ते स्प्रू प्लेटच्या खिळीला आणि दोन ठोकळे नेमके जुळवणाऱ्या जोडखुंट्यांना, तेही टू-स्ट्रोक इंजिनचं, कापसाच्या काडीच्या टोकाला लागेल इतकंच. अॅल्युमिनियमच्या साच्यात जोडखुंट्या कोरड्या ठेवल्या तर त्या मऊ धातूला खरवडतात. लोखंडी साचा यात थोडं जास्त सोसतो.

ओतकाम उघड्या गॅरेजमध्ये करा, स्वयंपाकघरात नाही, आणि नंतर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. शिसं लहान मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त बाधतं, तेव्हा कामाचे कपडे आणि बूट घरात आणू नका. आणि हे साचे सुट्टीत बॅगेत टाकून भारतात नेऊ नका. तिथल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भाग आणि ते बनवण्याची यंत्रसामग्रीही येते.

काम संपलं की लोखंडी साच्यात शेवटच्या गोळ्या तशाच राहू द्या, स्प्रू न कापता निवू द्या आणि सिलिका जेलची पुडी घालून डब्यात ठेवा. खाने झाकलेले राहतात, पुढच्या वेळी तेल धुवायचं काम नाही. अॅल्युमिनियमचा नुसता पेटीत टाका. त्यालाही तेल चोपडून ठेवणारे असतात, आणि पुढच्या शनिवारी सुरकुत्या का आल्या म्हणून तेच विचारतात.