लूप आणि पॅटर्न मॅचिंग (प्रोग्रामिंग भाषांची रचना)

लूप म्हणजे प्रोग्रामचा एखादा भाग पुन्हा पुन्हा चालवणारी रचना. पॅटर्न मॅचिंग म्हणजे एखाद्या मूल्याची घडण तपासून त्याचे भाग नावांनिशी सुटे करून देणारी रचना. वरवर पाहता दोन्हींचा संबंध नाही. तरी भाषा घडवणाऱ्याला दोन्हीकडे एकच प्रश्न अडवतो : इथे लिहिलेले नाव नवे की आधीचेच, आणि ते कुठपर्यंत टिकते?

१९५७ साली आलेल्या फोर्ट्रानमध्ये ‘डू’ लूप होता. पुढे अनेक कंपायलर (प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणारी साधने) त्याची अट फेरीच्या शेवटी तपासत. म्हणून एकही फेरी नको असली तरी आतले काम एकदा होऊन जाई. फोर्ट्रान ७७ ने हे बंद केले. अल्गोल ६० ने मूल्यांची यादी, ठरावीक पायरीची मोजणी आणि ‘व्हाइल’ची (जोवर खरी तोवर फेऱ्या चालवणारी) अट हे सगळे एकाच ‘फॉर’मध्ये कोंबले, आणि मोजणी पूर्ण झाल्यावर मोजणीच्या व्हेरिएबलचे, म्हणजे मोजणी साठवणाऱ्या नावाचे, मूल्य अनिश्चित ठरवले. एडामध्ये ते व्हेरिएबल लूपबरोबर जन्मते, लूपबरोबर संपते आणि मधे कुणाला बदलता येत नाही. सीचा ‘फॉर’ मात्र सुरुवात, अट आणि पायरी एका ओळीत बसवलेला ‘व्हाइल’च आहे. स्विफ्टने तो आधी घेतला आणि २०१६ च्या तिसऱ्या आवृत्तीत काढून टाकला.

नावाच्या आयुष्याचा प्रश्न खरा चिघळला तो क्लोजरमुळे, म्हणजे भोवतालची व्हेरिएबल्स सोबत धरून ठेवणाऱ्या फंक्शनांमुळे. लूपच्या तीन फेऱ्यांत तीन छोटी फंक्शने तयार करून ठेवली आणि ती नंतर चालवली, तर ०, १, २ असे उत्तर येईल ही कुणाचीही अपेक्षा. पण सगळ्या फेऱ्यांना मिळून एकच व्हेरिएबल असेल, तर तिन्ही फंक्शनांना त्याचे शेवटचेच मूल्य दिसते. सी शार्पने पाचव्या आवृत्तीत ‘फॉरईच’पुरता हा नियम बदलला. गोने २०२४ मध्ये १.२२ आवृत्तीपासून दर फेरीला नवे व्हेरिएबल दिले, तेही ती किंवा पुढची आवृत्ती जाहीर करणाऱ्या मॉड्यूलांपुरतेच, म्हणजे जुन्या प्रोग्रामांच्या वागण्याला धक्का नको. एका व्हेरिएबलसाठी एवढी सावधगिरी! पण जुन्या नियमावर नकळत विसंबलेला प्रोग्राम बाहेरून ओळखू येत नाही.

पायथनमध्ये लूपला ‘एल्स’ (‘नाहीतर’) जोडता येतो. ‘ब्रेक’ने मधेच न तुटता लूप संपला तरच तो चालतो. सोय उपयोगी आहे, शब्द मात्र चुकला आहे.

पॅटर्न मॅचिंगचे आजचे रूप मुख्यतः एमएल आणि होप या भाषांच्या परंपरेतून आले. आकार म्हणजे त्रिज्या असलेले वर्तुळ किंवा लांबी-रुंदी असलेला आयत, असे एकदा सांगितले की प्रत्येक प्रकाराला एक शाखा लिहायची. त्रिज्येचे नाव फक्त वर्तुळाच्या शाखेत मिळते. आयताची त्रिज्या चुकून विचारण्याची वाटच उरत नाही.

इथेही घोळ नावाचाच. शाखेत नुसते ‘लाल’ लिहिले, तर ते आधीच्या ‘लाल’शी तुलना करायची की समोर येईल त्याला ‘लाल’ म्हणायचे? अर्लँग म्हणते, नावाला मूल्य मिळालेले असेल तर तुलना, नसेल तर नवे नाव. एलिक्सिर नवे नावच धरते. तुलना हवी असल्यास नावाआधी खूण करावी लागते. हॅस्केलने प्रश्न पहिल्या अक्षरावर सोडवला : मोठ्या लिपीतले अक्षर असेल तर कन्स्ट्रक्टर (‘वर्तुळ’, ‘आयत’ यांसारखे आधी जाहीर केलेल्या प्रकाराचे नाव), लहान असेल तर नवे नाव. २०२१ च्या पायथन ३.१० मध्ये सुटे नाव काहीही पकडते, टिंब असलेले नाव तुलना करते. अशा सुट्या नावानंतर आणखी शाखा असतील तर पायथन हरकत घेते. ती शाखा शेवटची असेल तर चूक गुपचूप राहते. चारही उत्तरांत अर्लँगचे वाचायला सर्वांत अवघड, कारण ओळीचा अर्थ वरच्या ओळींवर ठरतो.

सर्व शक्यता हाताळल्या का, हे कंपायलरने पाहणे हा या रचनेचा मोठा लाभ. एखादी शक्यता सुटली तर ओकॅमल इशारा देते, रस्ट प्रोग्राम नाकारते. मात्र शाखेला जादा अट जोडली की ती शाखा या तपासणीत धरता येत नाही, कारण अट कधी खरी ठरेल हे सर्वसाधारणपणे आधी सांगता येत नाही. किंमतही आहे : लायब्ररीने नवा प्रकार वाढवला की ती वापरणाऱ्यांचे प्रोग्राम अडतात. त्यासाठी रस्टमध्ये ‘ही यादी पुढे वाढू शकते’ असे जाहीर करण्याची सोय ठेवली आहे.

दोन्ही रचना लूपच्या तोंडाशी भेटतात. यादीतून घटक घेताना तिथेच पॅटर्न लिहिला आणि एखादा घटक जुळला नाही, तर? हॅस्केलचे लिस्ट कॉम्प्रिहेन्शन (एका यादीवरून दुसरी यादी बनवणारी रचना) तो घटक मुकाट्याने वगळते. रस्टच्या ‘फॉर’ला न जुळण्याची शक्यता असलेला पॅटर्न चालतच नाही, ‘व्हाइल लेट’ला (पॅटर्न जुळेल तोवर फिरणाऱ्या लूपला) चालतो, पण तिथे पॅटर्न जुळला नाही की लूपच थांबतो.