‘हॉब्सन-जॉब्सन’: एका शब्दाची पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात असलेल्या ब्रिटिश शिपायांच्या बोलीत ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा शब्द रुळलेला होता. हॉब्सन आणि जॉब्सन ही इंग्रजांची साधी आडनावे. परंतु या जोडशब्दाचा कोणा व्यक्तीशी संबंध नव्हता. एतद्देशीयांचा सण, मिरवणूक, गलबला आणि त्यातही विशेषेकरून मोहरम, असा त्याचा अर्थ होता. कानाला गमतीदार वाटणाऱ्या या शब्दाच्या मुळाशी मात्र शोक आहे. इ.स. ६८० मध्ये करबला येथे इमाम हुसेन मारले गेले. त्यांचे आणि त्यांचे थोरले बंधू हसन यांचे स्मरण करत, ऊर बडवत, ताबुतांबरोबर चालणारे लोक ‘या हसन! या हुसेन!’ असा आक्रोश करतात, आणि तोच आक्रोश गोऱ्या शिपायांच्या तोंडी जाऊन दोन आडनावांसारखा झाला.

हा बदल एकाएकी घडला नाही. १६७३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य म्हणून आलेला जॉन फ्रायर, जो सुरत-मुंबईत राहिला आणि पुढे जुन्नरलाही जाऊन आला, तो आपल्या प्रवासवृत्तात मोहरमला ‘होसी गोसी’ म्हणतो. मद्रासकडील १७२१ च्या एका नोंदीत ‘होसेन जोसेन’ असे रूप येते, तर १७२६ मध्ये व्हॅलेंटाइन हा डच ग्रंथकार सांगतो की, त्याचे देशबांधव या दिवसांना ‘याक्सम बाक्सम’ म्हणतात. या रूपांत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मूळ घोषात दोन भावांची दोन वेगळी नावे होती. येथे दुसरे पद पहिल्याचा निव्वळ प्रतिध्वनी बनले. मराठीत ‘चहाबिहा’ म्हणताना ‘बिहा’ला स्वतःचा अर्थ नसतो, तसेच हे. यमकाच्या ओढीने एका भावाचे नाव पुसले गेले, ही या शब्दाच्या इतिहासातील मला सर्वांत खिन्न करणारी बाब वाटते.

शिपायांच्या बोलीतला हा शब्द कायमचा टिकला तो एका कोशामुळे. बंगाल इंजिनिअर्समधील निवृत्त अधिकारी हेन्री यूल आणि मद्रास सनदी सेवेतील संस्कृतज्ञ आर्थर बर्नेल यांनी १८७२ च्या सुमारास पत्रव्यवहारातून अँग्लो-इंडियन बोलीतील शब्द जमवायला आरंभ केला. १८८२ मध्ये बर्नेल निवर्तले, आणि उरलेले काम एकट्या यूल यांनी पुरे करून १८८६ मध्ये कोश प्रसिद्ध केला. नुसत्या ‘शब्दसंग्रह’ अशा नावाकडे वाचक वळणार नाहीत, शिवाय जोडनावातून ग्रंथाचे कर्ते दोन असल्याचेही सुचवता येईल, या विचाराने त्याला ‘हॉब्सन-जॉब्सन’ हे नाव दिले गेले. परकीय शब्द या बोलीत किती पुरता मुरतो याचा नमुना म्हणूनही त्यांनी तो निवडला होता. विल्यम क्रुक यांनी वाढवलेली आवृत्ती १९०३ मध्ये निघाली.

पुढे भाषाशास्त्रात ‘हॉब्सन-जॉब्सनचा नियम’ अशी संज्ञाच आली: परका शब्द स्वीकारणारी भाषा त्याला आपल्या ध्वनींच्या आणि ओळखीच्या शब्दांच्या साच्यात बसवते. सिराजउद्दौल्याचा ‘सर रॉजर डाउलर’ याच रीतीने झाला. प्रवाह उलटाही वाहिला. ‘गॅसलाइट’चे आपण घासलेट केले, एल्फिन्स्टनचा अल्पिष्टन केला, आणि पहाऱ्यावरच्या ‘हू कम्स देअर’ या इंग्रजी दरडावणीचे हिंदी शिपायांच्या तोंडी ‘हुकुमदार’ झाले.