चौरंगाचा आखूड पाय आणि ट्रॅकवरची गाडी

पूजेच्या चौरंगाचा एक पाय किंचित आखूड असला की काय होतं, ते घरोघरी माहीत आहे. समई ठेवली की चौरंग डुगडुगतो, मग कोणीतरी कागदाची घडी करून पायाखाली सरकवतं. तीन पायांच्या तिवईला हा त्रास कधीच होत नाही. तीन टेकू जमिनीला टेकतातच. चौथा आला की कोणत्या पायावर किती भार पडेल, हे पायांच्या लांबीतला मिलिमीटरभर फरक ठरवतो. मोटार हाही एक चौरंगच. पायांना स्प्रिंगा असतात, म्हणून तिची डुगडुग डोळ्यांना दिसत नाही एवढंच.

रोजच्या रस्त्यावर हा फरक जाणवतही नाही. पण ब्रिटनमध्ये घरच्या गॅरेजमध्ये स्वतः जोडलेली किट कार घेऊन जी मंडळी सुट्टीच्या दिवशी शर्यतीच्या ट्रॅकवर उतरतात, त्यांना तो लवकर कळतो. ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते, उजवीकडे झोकात वळते आणि डावीकडे वळताना अडते. सगळे नट-बोल्ट नीट आवळलेले असतात, कुठे काही मोडलेलं नसतं. भार चुकीच्या पायांवर गेलेला असतो.

या गाड्यांचं मूळ १९५७ सालच्या लोटस सेव्हनमध्ये आहे. लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी ही उघडी, दोन माणसांची, जेमतेम पत्रा असलेली गाडी बाजारात आणली. त्या काळी ब्रिटनमध्ये तयार मोटारीवर खरेदी कर लागायचा, सुट्या भागांवर लागत नसे. म्हणून लोक खोक्यांमधून गाडी घरी न्यायचे आणि पाने-स्क्रूड्रायव्हर घेऊन स्वतः जोडायचे. १९७३ मध्ये मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले, आणि ती गाडी आजही बनते. तिच्या धाटणीच्या इतरही अनेक आहेत. काही हौशी लोक तर चौकोनी नळ्या वेल्ड करून सांगाडा स्वतःच उभा करतात आणि इंजिन, गिअरबॉक्स एखाद्या जुन्या फोर्ड एस्कॉर्टमधून किंवा माझदा एमएक्स-५ मधून काढतात. अशी गाडी भरते ५००-६०० किलो. आपल्याकडची स्विफ्ट साधारण ९०० किलोची असते.

हौशी मंडळींसाठी ट्रॅक खुला असतो तो दिवस म्हणजे ट्रॅक डे. ती शर्यत नव्हे. नंबर काढत नाहीत, वेळ मोजत नाहीत, पुढच्याने वाट दिल्याशिवाय ओव्हरटेक करायचं नाही. सकाळी आवाजाची तपासणी होते आणि मग दिवसभर पंधरा-वीस मिनिटांच्या फेऱ्या.

नव्या मालकाचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा इंजिनाची ताकद वाढवण्याचा असतो. माझं ठाम मत आहे की तो शेवटचा प्रश्न असावा. इंजिन, ब्रेक, स्टेअरिंग या सगळ्यांना जमिनीशी जे काही करायचं असतं, ते चार टायरांमधून. चालकासह ६२० किलोची गाडी घेऊ. प्रत्येक चाकावर सरासरी १५५ किलो. टायरमध्ये २० पीएसआय हवा असेल, तर भाराला दाबाने भागल्यावर जमिनीला टेकलेलं रबर येतं सुमारे ११० चौरस सेंटिमीटर. बोटं सोडून मोठ्या माणसाचा तळहात साधारण एवढाच असतो.

आता रबराचा एक विचित्र स्वभाव. शाळेत आपण शिकलो की घर्षण भाराच्या प्रमाणात वाढतं. टायर हा नियम पुरता पाळत नाही. भार दुप्पट केला तर पकड वाढते, पण दुपटीपेक्षा कमी. या एका कसरीतून गाडी जुळवण्याचं जवळजवळ सगळं शास्त्र उगवतं. हलकी गाडी वळणात भारी गाडीला मागे टाकते, त्याचं एक कारण हेच: तिच्या रबराच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ओझं कमी.

पण वळणात ओझं सारखं राहत नाही. आपल्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ४० सेंटिमीटरवर आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर १.३ मीटर धरू. गुरुत्वाकर्षणाइतक्या त्वरणाने ती वळली, तर सुमारे १९० किलो भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातो. दोन्हीकडे ३१० किलो होते, ते आत १२० आणि बाहेर ५०० होतात. आतल्या चाकांनी गमावलेली पकड बाहेरच्यांना पूर्ण भरून काढता येत नाही, त्यामुळे एकूण पकड घटते. हा भार सरकणं कोणतीही स्प्रिंग थांबवू शकत नाही. तो किती सरकेल हे वजन, उंची, रुंदी आणि वळणाचा जोर ठरवतात. आपल्या हातात राहतं ते एवढंच, की त्यातला किती हिस्सा पुढच्या जोडीने झेलावा आणि किती मागच्या. पुढचा अँटी-रोल बार, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचं कलणं रोखणारी दांडी, कडक केला की पुढच्या चाकांचा हिस्सा वाढतो, त्यांची पकड घटते आणि गाडीचं नाक वळणाबाहेर जाऊ लागतं. तो सैल केला की नाक आत येतं आणि शेपूट सुटायची शक्यता वाढते.

आता परत चौरंगाकडे. सपाट जमिनीवर चार वजनकाटे मांडायचे, प्रत्येकावर एक चाक, आणि चालकाने आपल्या जागी बसायचं. हे महत्त्वाचं आहे, कारण एवढ्या हलक्या गाडीत ८० किलोचा माणूस म्हणजे एकूण वजनाचा आठवा हिस्सा. समजा, काटे दाखवतात: पुढचं डावं १२०, पुढचं उजवं १७०, मागचं डावं १८५, मागचं उजवं १४५. उजवी बाजू १० किलोंनी जड, कारण ब्रिटिश गाडीत चालक उजवीकडे बसतो. ते ठीकच आहे. पण कर्णांची बेरीज करा. एका कर्णावर ३५५, दुसऱ्यावर २६५. चौरंग डुगडुगतो आहे.

उपायही चौरंगाचाच. पुढच्या डाव्या स्प्रिंगखालची चकती पान्याने थोडी वर फिरवायची, म्हणजे तो पाय लांब होतो. मग तिथला आणि त्याच्या समोरच्या कोपऱ्यातला, म्हणजे मागचा उजवा, असे दोन्ही भार वाढतात आणि उरलेल्या दोघांचे घटतात. थोडं फिरवायचं, गाडी हलवून बसवायची, पुन्हा मोजायचं. काटे १४२, १४८, १६३, १६७ दाखवू लागले की कर्ण ३०९ आणि ३११ होतात. एकूण वजन हललं नाही, पुढच्या जोडीची बेरीज आधीही २९० होती, आताही २९०च. ग्रॅमभर पत्रा न कापता गाडी दोन्हीकडे सारखी वळू लागते. मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे जे विद्यार्थी फॉर्म्युला भारत स्पर्धेसाठी गाड्या बांधतात, तेही याच चार काट्यांपाशी असेच तासन् तास बसतात.

ब्रेकचं गणित उष्णतेचं आहे. १६० किलोमीटरच्या वेगावरून ६० वर येताना या गाडीला सुमारे ५२५ किलोज्यूल ऊर्जा टाकून द्यावी लागते. एवढ्या ऊर्जेत दीड लिटरहून जास्त पाणी खोलीच्या तापमानावरून उकळीला येईल, आणि हे सगळं जेमतेम तीन सेकंदांत. त्यातली बहुतेक उष्णता डिस्कमध्ये जाते आणि एका फेरीत हे अनेकदा घडतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पुरेशी ओल शिरलेल्याची हमी १५५ अंशांचीच असते. ते उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल स्पंजासारखं आत जातं. म्हणून पहिला खर्च ताज्या ब्रेक ऑइलचा करावा. पॅड निवडताना मात्र जपून. जड रेसगाडीचे पॅड अशा हलक्या गाडीत पुरेसे तापतच नाहीत, आणि थंड पॅड नीट धरत नाहीत.

ऑइलवरून इंजिनातलं ऑइल आठवलं. आमटीची वाटी हातात घेऊन झटकन बाजूला वळा, आमटी एका काठावर चढते. गुरुत्वाकर्षणाइतक्या त्वरणाच्या वळणात इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या चेंबरमधली पातळी ४५ अंशांत तिरकी होते. या गाड्या जमिनीलगत असल्यामुळे त्यांचं चेंबर बऱ्याचदा कापून उथळ केलेलं असतं. लांब वळणात ऑइल कडेला जातं, पंप हवा ओढतो आणि बेअरिंगं कोरडी पडतात. काही क्षणांत इंजिन जाऊ शकतं. चेंबरमध्ये एकाच बाजूला उघडणाऱ्या झडपांचे आडवे पत्रे बसवले की ऑइल पंपाच्या तोंडाशी टिकून राहतं. ताकद वाढवण्याआधी हे करावं. तसंही या उघड्या गाडीला हवा फार अडवते, आणि हवेशी झुंजायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. वेग १० टक्के वाढवायचा तर त्यासाठी ३३ टक्के जास्त ताकद.

सगळ्यांत स्वस्त सुधारणा म्हणजे टायरची हवा. केंट परगण्यातल्या ब्रँड्स हॅचवर पहिलंच वळण, पॅडक हिल बेंड, उजवीकडे वळता वळता खोल उतरतं. ट्रॅक घड्याळाच्या दिशेने फिरतो, म्हणून डावे टायर जास्त राबतात आणि जास्त तापतात. सकाळी १५ अंशांना १८ पीएसआय भरलेल्या टायरमधली हवा ७० अंशांवर गेली की दाब २४ च्या पुढे जातो. हा साधा वायूचा नियम आहे, फक्त गणित करताना वातावरणाचे १४.७ धरायला विसरायचं नाही. म्हणून जाणकार फेरी संपल्या संपल्या, टायर गरम असतानाच मोजतात. रबराचं तापमानही तीन ठिकाणी सुई टोचून पाहतात: आतल्या कडेला, मध्ये, बाहेरच्या कडेला. मधला पट्टा जास्त तापला तर हवा जास्त आहे. बाहेरची कड जास्त तापली तर चाक वरच्या बाजूने आणखी आत झुकवायला हवं. एका वेळी एकच बदल करायचा आणि वहीत लिहायचा, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही.

गरम टायरमधून हवा सोडत २० वर आणली, फेऱ्या छान झाल्या आणि ऊन उतरलं. टायर पुन्हा १५ अंशांवर आले की त्यांच्यात साडेचौदाच पीएसआय उरतात. ज्या गाडीने दिवस गाजवला, तीच घेऊन आता घरी जायचं असतं. म्हणून संध्याकाळी पॅडकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करायच्या आवारात, इंजिनं शांत झाल्यावर पायपंपांचा आवाज सुरू होतो.