बुटाच्या खोक्यातलं जंगल
बुटाचं रिकामं खोकं आडवं करून आत एखाद्या प्राण्याचा अधिवास उभा करायचा, हा शाळेतला प्रोजेक्ट, याला डायोरामा पण म्हणतात. आपल्याकडे तो परिसर अभ्यास नाहीतर कार्यानुभवाच्या तासाला होतो, बहुतेक वेळा तिसरी ते पाचवीत.

मूळ कल्पना म्युझियमवाल्यांची. 1890 मध्ये अमेरिकेत मिलवॉकीच्या म्युझियममध्ये कार्ल एकली याने मस्करॅट नावाचा पाणउंदरासारखा प्राणी नुसता पेंढा भरून न ठेवता त्याच्या दलदलीसकट मांडला, पाण्याखालचं बीळसुद्धा दिसेल असा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही असे देखावे आहेत. आणि दिवाळीत किल्ला करून त्यावर अळीव पेरणाऱ्या, गुहेत मातीचा वाघ बसवणाऱ्या मराठी पोरांना हे काही फार नवीन नाही म्हणा.

खरी मजा प्राणी चिकटवण्यात नाही, तो कुठे चिकटवायचा यात आहे. समजा शेकरू घेतलं, आपला राज्यप्राणी, भीमाशंकरला दिसतो तो. मुलं आधी त्याला खाली हिरव्या कागदावर बसवतात, मग बाई विचारतात, हे खाली कशाला उतरलंय? कारण शेकरू जमिनीवर फारसं येतच नाही, या झाडावरून त्या झाडावर उड्या मारत जातं, म्हणजे खोक्यातली झाडं एकमेकांना भिडलेली हवीत. घरटं काथ्याचं करायचं, पण बुंध्याजवळ नाही, वर बारीक फांद्यांच्या टोकाकडे, जिथे जड शिकारी पोचणार नाही. मग कोणीतरी आपणहून विचारतं की मधली दोन झाडं तोडली तर ते पलीकडे जाणार कसं, आणि तिथे धडा शिकवून झालेला असतो.

साहित्य टाकाऊतलंच बरं: भुसा, वाळकी पानं, काड्या, कापूस, फेविकॉल. थर्माकोल नको, 2018 च्या बंदीनंतर तर नकोच. वाळू म्हणून रवा वापरला की दुसऱ्या दिवशी मुंग्यांचा अधिवास फुकटात मिळतो, आमच्या घरी हे झालेलं आहे.

नेहमीच्या चुका दोन. एक, प्लास्टिकच्या प्राण्यांचं पाकीट आणून वाघ, जिराफ, पेंग्विन सगळे एकाच खोक्यात कोंबणं. दुसरी जास्त वाईट, रात्री अकरा वाजता आईबाबांनीच बसून सगळं करणं, अशी खोकी लगेच ओळखू येतात, त्यात झाडं अगदी सरळ असतात.