जिल्हा युवा पुरस्कार, नागपूर: पात्रता, कागदपत्रे आणि प्रस्तावाची तयारी

महाराष्ट्राच्या 2012 च्या युवा धोरणानुसार दिल्या जाणाऱ्या जिल्हा युवा पुरस्कारासाठी प्रत्येक जिल्ह्यातून एक युवक, एक युवती आणि एक नोंदणीकृत संस्था यांची निवड केली जाते. युवक व युवतीस प्रत्येकी 10,000 रुपये आणि संस्थेस 50,000 रुपये, तसेच गौरवपत्र व सन्मानचिन्ह असे त्याचे स्वरूप आहे. नागपूर जिल्ह्यातील प्रस्ताव मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलातील जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात सादर करावयाचे असतात. अर्ज क्रीडा खात्याकडे जातो म्हणून हा खेळाडूंचा पुरस्कार असावा, असा समज अनेकांचा होतो आणि खरे पात्र कार्यकर्ते अर्जच करीत नाहीत. वास्तविक दुर्बल घटकांसाठीचे काम, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण, व्यसनमुक्ती, महिला सक्षमीकरण, झोपडपट्टी सुधारणा आणि राष्ट्रीय एकात्मता या सर्व क्षेत्रांतील कार्याचा येथे विचार होतो.

वैयक्तिक अर्जदाराचे वय पुरस्कार वर्षाच्या 31 मार्च रोजी 35 वर्षांपर्यंत असावे लागते आणि जिल्ह्यात त्याचे सलग 5 वर्षे वास्तव्य असावे लागते. केंद्र व राज्य शासनाचे, निमशासकीय संस्थांचे आणि महाविद्यालयांचे कर्मचारी अपात्र आहेत, कारण पगारातून घडलेले नव्हे तर स्वयंस्फूर्तीने केलेले काम येथे अपेक्षित आहे. पुरस्कार मरणोत्तर दिला जात नाही, दोघांत विभागला जात नाही, आणि एका जिल्ह्यात तो मिळालेली व्यक्ती वा संस्था दुसऱ्या जिल्ह्यात पात्र ठरत नाही.

संस्थेने नोंदणीनंतर किमान 5 वर्षे काम केलेले असावे. 1860 च्या संस्था नोंदणी अधिनियमाखालील किंवा 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालील नोंदणी प्रमाणपत्र, संस्थेची घटना (नियमावली) आणि लेखापरीक्षण अहवाल हाताशी ठेवावेत. आणखी एक गोष्ट आधीच तपासावी. कार्यकारिणी बदलली की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल करावा लागतो. तो दाखलच केला नसेल, किंवा अनिर्णित असेल, तर प्रस्तावावर सही करणाऱ्या अध्यक्षांचे नाव परिशिष्ट-1 मध्ये, म्हणजे धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीतील उताऱ्यात, सापडत नाही. जुन्या मंडळांमध्ये हा घोळ हमखास आढळतो आणि तो आठवडाभरात निस्तरत नाही.

प्रस्तावाचा खरा कस पुराव्यांत लागतो. मूल्यांकन मागील तीन वर्षांच्या कामगिरीवर होते आणि वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च असे धरले जाते. म्हणून वर्तमानपत्रांची कात्रणे, छायाचित्रे, चित्रफिती आणि प्रशस्तिपत्रे आर्थिक वर्षानुसार वेगळी लावून प्रत्येकावर दिनांक व ठिकाण लिहावे. उदाहरणार्थ, 23 सप्टेंबर 2023 च्या पुरात अंबाझरी लेआउट परिसरातील घरांतून गाळ उपसणाऱ्या युवकाचे ते काम 2023-24 मध्ये मोडते. मूल्यांकनाचा काळ 1 एप्रिल 2024 पासून सुरू होत असेल, तर काम कितीही मोलाचे असले तरी ते त्या प्रस्तावात मोजले जाणार नाही. याउलट दर उन्हाळ्यात पाणपोई चालवणाऱ्याने, किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमी परिसरात पाणी व स्वच्छतेची व्यवस्था पाहणाऱ्याने तिन्ही वर्षांची नोंद दाखवली, तर सातत्य आपोआप सिद्ध होते. माझ्या मते नगरसेवकांच्या व मान्यवरांच्या दहा शिफारसपत्रांपेक्षा लाभार्थ्यांच्या सह्यांची एक यादी अधिक बोलते. फाइल जाड झाल्याने काम मोठे होत नाही. संस्थेमार्फत केलेले काम व्यक्तीच्या नावाने मांडताना त्या व्यक्तीने नेमके काय केले, हेही स्पष्ट लिहावे, अन्यथा तेच छायाचित्र दोन प्रस्तावांत दिसते आणि दोन्हींबद्दल शंका उत्पन्न होते.

याशिवाय विहित नमुन्यातील अर्ज, वयाचा पुरावा, अधिवास प्रमाणपत्र आणि गुन्हा नोंद नसल्याबाबतचे पोलिसांचे प्रमाणपत्र लागते. शहर हद्दीतील रहिवाशांना ते पोलीस आयुक्तालयाकडून, तर काटोल, रामटेक, उमरेड यांसारख्या तालुक्यांतील रहिवाशांना नागपूर ग्रामीणच्या पोलीस अधीक्षक कार्यालयाकडून मिळवावे लागते. या पडताळणीला वेळ लागतो, त्यामुळे कार्यालयाचे आवाहन वर्तमानपत्रात येण्याची वाट न पाहता आधीच अर्ज करणे शहाणपणाचे ठरते.

पुरस्कार मिळाल्यानंतर पुढील दोन वर्षे कार्यरत राहण्याचे लेखी हमीपत्रही द्यावे लागते. ते प्रस्तावासोबत जोडून, सर्व पानांना क्रमांक घालून आणि अनुक्रमणिका लावून मुदतीच्या आत मानकापूर येथे प्रस्ताव जमा करावा, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी.