पार्श्वभूमी : डोंगरातली शाळा आणि प्रशिक्षक फुमिया त्सुता

जपानमध्ये शालेय बेसबॉल म्हणजे कोशिएन. १९१५ साली सुरू झालेली उन्हाळी राष्ट्रीय स्पर्धा १९२४ पासून निशिनोमिया शहरातल्या कोशिएन मैदानावर होते. प्रत्येक सामना बाद फेरीचा. हरलेली मुलं रडत रडत मैदानातली माती पिशवीत भरून घरी नेतात. या स्पर्धेत खेळाची रीतच बदलून टाकणारे प्रशिक्षक म्हणजे फुमिया त्सुता.

१९२३ साली जन्मलेले त्सुता महायुद्धात नौदलाच्या आत्मघातकी विमानपथकात होते. मोहिमेवर जाण्याआधीच युद्ध संपलं आणि ते वाचले. १९५० मध्ये तोक्यू फ्लायर्स या व्यावसायिक संघाकडून ते जेमतेम एक हंगाम खेळले. पुढे शिकोकू बेटावरच्या तोकुशिमा प्रांतात, योशिनो नदीकाठच्या इकेदा या डोंगराळ गावातल्या सरकारी शाळेत ते सामाजिक शास्त्रं शिकवू लागले. १९५२ पासून बेसबॉल संघही त्यांच्याच हाती आला.

त्यानंतर तब्बल १९ वर्षं कोशिएनचं दार उघडलं नाही. आज दोन-तीन हंगाम रिकामे गेले की प्रशिक्षक बदलतात, म्हणून हा काळ मला फार मोलाचा वाटतो. मुलं सगळी आसपासच्या खेड्यांतली. देशभरातून खेळाडू निवडून आणणाऱ्या खासगी शाळांशी यांची गाठ. डोंगरातल्या या पोरांना एकदा तरी मोठा समुद्र दाखवायचा, एवढाच त्सुतांचा ध्यास होता. त्यांचे हे शब्द पुढे शाळेच्या आवारात दगडावर कोरले गेले.

१९७१ च्या उन्हाळ्यात इकेदा पहिल्यांदा कोशिएनला पोचलं. १९७४ च्या, कोशिएनवरच होणाऱ्या वसंत स्पर्धेत तर संघात अवघे ११ खेळाडू होते. बाकीचे कडक सरावाला कंटाळून सोडून गेले होते. हे ११ जण थेट अंतिम सामन्यापर्यंत गेले आणि होतोकू गाकुएन या शाळेकडून १-३ असे हरले. सगळा जपान त्यांच्या प्रेमात पडला.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात शालेय सामन्यांत धातूच्या बॅटला परवानगी मिळाली. लाकडी बॅट सारख्या मोडत आणि त्यांचा खर्च शाळांना झेपत नसे. तोवर शालेय बेसबॉल चालायचा तो काटकसरीने. बॅट चेंडूला नुसती टेकवून तो जवळच पाडायचा, म्हणजे बंट करायचा. स्वतः बाद व्हायचं, पण मैदानात आधीच असलेल्या गड्याला एक तळ (बेस) पुढे सरकवायचं. असं करत एकेक धाव जमवायची. नव्या बॅटचं मर्म त्सुतांनी ओळखलं. वजनं उचलून अंग कमवायचं आणि पूर्ण ताकदीने बॅट फिरवायची, ही शिस्त त्यांनी मुलांना लावली. बॅटचा टणत्कार दरीत घुमतो म्हणून इकेदाच्या फलंदाजीला ‘यामाबिको’, म्हणजे प्रतिध्वनी, असं नाव पडलं. सतत चढाई करणारे त्सुता ‘हल्लेखोर दारुमा’ (दारुमा म्हणजे जपानी गोलमटोल बाहुला) म्हणून गाजले.

१९७९ च्या उन्हाळ्यात मिनोशिमा शाळेने इकेदाला अंतिम सामन्यात एका धावेने हरवलं. मग आला १९८२ चा उन्हाळा. उपांत्यपूर्व फेरीत साऱ्या देशाचा लाडका पिचर (चेंडू फेकणारा) दाइसुके अराकी याच्या वासेदा जित्सुग्यो शाळेचा इकेदाने १४-२ असा धुव्वा उडवला; इकेदाच्या एकट्या मिझुनोने दोन होम रन (थेट मैदानाबाहेरचे फटके) मारले. अंतिम फेरीत हिरोशिमा कमर्शियलवर १२-२. १९८३ चं वसंत विजेतेपदही इकेदाकडेच आलं.

लागोपाठ तिसरं विजेतेपद मात्र हुकलं. १९८३ च्या उन्हाळ्यात उपांत्य फेरीत पीएल गाकुएन या शाळेने ७-० ने हरवलं. त्या शाळेचे, पुढे जपानभर गाजलेले खेळाडू कुवाता आणि कियोहारा तेव्हा पहिल्या वर्षाची पोरं होती. शालेय बेसबॉलचं पर्व तिथे बदललं, तरी त्सुता थांबले नाहीत. १९८६ चा वसंत त्यांनी पुन्हा जिंकला.

कोशिएनमध्ये ३७ विजय आणि ३ विजेतेपदं मिळवून ते १९९२ मध्ये निवृत्त झाले. २००१ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्या निवृत्तीच्या वर्षानंतर इकेदाला कोशिएनचं मैदान पुन्हा दिसलं ते २०१४ च्या वसंतात.