बोलिव्हियाचा हरवलेला किनारा

दरवर्षी २३ मार्चला बोलिव्हियात 'समुद्र दिन' पाळला जातो. ला पाझ शहरात, १८७९ मध्ये किनाऱ्यासाठी चिलीशी लढलेल्या आबारोआच्या पुतळ्यापाशी फुलं वाहिली जातात, नौदलाचे जवान संचलन करतात. या देशाला समुद्र नाही. नौदलाच्या बोटी टिटिकाका सरोवरात आणि ॲमेझॉनला मिळणाऱ्या नद्यांत फिरतात. बाहेरच्या माणसाला हा नुसता हट्ट वाटतो. पण त्यामागचा इतिहास कळला की तसं म्हणवत नाही.

आधी भूगोल पाहू. बोलिव्हियात आल्यावर अँडीज पर्वताच्या दोन रांगा होतात आणि त्यांच्यामध्ये आल्तिप्लानो हे पठार पसरतं. त्याची उंची साधारण ३,७०० मीटर. टिटिकाका सरोवर आणि उयुनीचं दहा हजार चौरस किलोमीटरचं पांढरंशुभ्र मिठागर याच पठारावर आहेत. पूर्वेकडे उतरलं की निम्म्याहून जास्त देश सखल आहे, उष्ण आणि हिरवा. पश्चिमेची रांग ओलांडली की मात्र अटाकामाचं वाळवंट लागतं, जगातल्या सर्वांत कोरड्या प्रदेशांपैकी एक. पॅसिफिक त्याच्यापलीकडे.

समुद्राची वाट किती महत्त्वाची, हे पठाराला पोटोसी या खाणींच्या शहराने शिकवलं. १५४५ मध्ये तिथल्या सेर्रो रिको डोंगरात चांदी सापडली आणि स्पेनचं साम्राज्य तिच्यावर पोसलं गेलं. १५७० च्या दशकात व्हाइसरॉय तोलेदोने 'मिता' ही इंकांची वेठीची पद्धत खाणींसाठी राबवली. गावोगावचे आदिवासी पुरुष पाळीपाळीने पोटोसीला हाकले जात. धुळीने, पाऱ्याने आणि कष्टाने किती मेले, याची मोजदाद कोणी ठेवली नाही. युरोपीय व्यापाऱ्यांच्या हातून आपल्या सुरतेपर्यंत जी अमेरिकी चांदी पोचली, तिच्यात या डोंगराचाही वाटा होता. ती चांदी लामा आणि खेचरांच्या पाठीवरून पॅसिफिकच्या काठच्या आरिका बंदरात उतरत असे.

हे आरिका पुढच्या सगळ्या गोष्टीची किल्ली आहे. ६ ऑगस्ट १८२५ रोजी बोलिव्हिया स्वतंत्र झाला, पण पठाराचं हे स्वाभाविक बंदर पेरूकडे राहिलं. बोलिव्हियाच्या वाट्याला आला दक्षिणेचा, अटाकामाचा सुमारे ४०० किलोमीटर किनारा. स्पेनविरुद्धच्या स्वातंत्र्यलढ्याचा नेता सिमोन बोलिव्हार याने तिथलं कोबिखा हे बंदर म्हणून निवडलं. पण पोटोसीहून तिथवर जायचं म्हणजे बिनपाण्याच्या वाळवंटातून कित्येक दिवसांची वाट. वस्ती वाढली नाही, सरकारचं लक्षही राहिलं नाही. माझ्या मते हा किनारा १८७९ च्या कितीतरी आधीच निसटू लागला होता.

मग त्या ओसाड जमिनीत सोरा सापडला. खताला आणि बारुदाला लागणाऱ्या सोऱ्याला युरोपात मोठी मागणी होती. तो खणायला आलं चिली आणि ब्रिटनचं भांडवल, आणि मजूरही बहुतेक चिलीचेच. १८७४ च्या तहात चिलीने २४ अंश अक्षांशाच्या उत्तरेवरचा दावा सोडला; बदल्यात बोलिव्हियाने चिली कंपन्यांवर २५ वर्षं नवा कर न लावण्याचं कबूल केलं. १८७७ मध्ये भूकंप आणि समुद्राच्या लाटांनी किनारा उद्ध्वस्त झाला. १८७८ मध्ये तिजोरी रिकामी असलेल्या सरकारने सोऱ्यावर क्विंटलमागे १० सेंटाव्हो कर बसवला. तिथल्या चिली कंपनीने तो नाकारला. तिची मालमत्ता लिलावात काढायची ठरली त्याच दिवशी, १४ फेब्रुवारी १८७९ ला, चिलीचं सैन्य आंतोफागास्ताला उतरलं.

२३ मार्चला कालामाजवळ तोपातेरच्या पुलावर एदुआर्दो आबारोआ लढला. तो पेशाने शिपाई नव्हता. सोबत जेमतेम सव्वाशे-दीडशे माणसं. शरण ये म्हटल्यावर 'शरण? तुझी आजी येईल शरण!' असं तो ओरडला, अशी आठवण सांगतात. समुद्र दिनाची तारीख इथून आली. पेरू या युद्धात बोलिव्हियाच्या बाजूने होता. पुढच्या वर्षी ताक्नाच्या लढाईत हरल्यावर बोलिव्हिया युद्धातून बाहेर पडला. आरिकाही चिलीने पेरूकडून जिंकून घेतलं.

१९०४ च्या तहाने किनारा कायमचा चिलीचा झाला. मोबदल्यात चिलीने तीन लाख पौंड, मालाला मुक्त वाट आणि आरिका ते ला पाझ रेल्वे दिली. सही बोलिव्हियाच्याच सरकारने केली. कथिल बाहेर न्यायला रेल्वे हवी होती. चुकिकामाताची प्रचंड तांब्याची खाण त्याच गेलेल्या मुलखात आहे.

त्याच रेल्वेवरच्या चारान्या स्थानकात १९७५ मध्ये बोलिव्हियाचा बान्झेर आणि चिलीचा पिनोचेट हे दोन हुकूमशहा एकमेकांना भेटले. आरिकाच्या उत्तरेला एक चिंचोळी पट्टी देण्याची बोलणी झाली. पण चिली आणि पेरू यांच्या १९२९ च्या करारानुसार, पूर्वी पेरूचा असलेला भाग तिसऱ्याला द्यायचा तर पेरूची संमती लागते. तिथेच घोडं अडलं, आणि १९७८ मध्ये दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध पुन्हा तुटले. २००३ मध्ये नैसर्गिक वायू चिलीच्या बंदरातून निर्यात करण्याच्या बेतावरून लोक रस्त्यावर आले. गोळीबारात अनेकांचे जीव गेले आणि राष्ट्राध्यक्षांना पद सोडावं लागलं. २००९ च्या राज्यघटनेत समुद्रावरचा हक्क लिहून ठेवला गेला. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मात्र १ ऑक्टोबर २०१८ रोजी १२ विरुद्ध ३ मतांनी निकाल दिला, की बोलिव्हियाला समुद्राची वाट देण्याबाबत वाटाघाटी करण्याचं बंधन चिलीवर नाही.

बोलिव्हियाचा कितीतरी माल आजही ट्रकमधून घाट उतरून आरिकाच्या धक्क्यावर जातो, जिथून एकेकाळी पोटोसीची चांदी जहाजात चढायची.